दीड फुटी विशेषण

महोदय,

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या सदरांत 'सेस्क्विपिडेलियन' या विशेषणापुढे बहुधा 'लांबलचक' एवढाच अर्थ छापलेला असतो. त्यात शब्दाचे माप गळते आणि त्यातली टीकाही.

मूळ लॅटिन. 'सेस्क्वि' म्हणजे दीड, 'पेस' म्हणजे पाऊल. म्हणून दीड फुटी. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटरचा, तेव्हा दीड फूट म्हणजे साधारण ४४ सेंटिमीटर. हे माप बांधकामात रोजच्या वापरातले होते. एक फुटी वीट 'पेडालिस', दोन फुटी 'बिपेडालिस' आणि मधली 'सेस्क्विपेडालिस'. उत्खननात सापडणाऱ्या रोमन विटांना पुरातत्त्वज्ञ आजही याच नावांनी ओळखतात.

हे माप शब्दांना लावले रोमन कवी होरेसने (इ.स.पू. ६५ ते ८). 'आर्स पोएटिका' या काव्यकलेवरच्या पद्यात तो सांगतो की टेलेफस आणि पेलियस ही शोकांतिकेतली पात्रे दारिद्र्यात आणि हद्दपारीत असताना, प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल तर, फुगवलेली भाषा आणि 'सेस्क्विपेडालिया वेर्बा' टाकून देतात. होरेसचा रोख प्रसंगाला न शोभणाऱ्या बडेजावावर आहे. अक्षरे मोजणे हा त्याचा मुद्दाच नाही. इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकात आले तेही हा सूर घेऊनच. म्हणून वैद्यकीय अहवालातल्या 'इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम'ला (मेंदूचा विद्युत आलेख) ते लावून उपयोग नाही, तिथे तो शब्द लागतोच. 'यूज'ने काम भागत असताना 'युटिलायझेशन' लिहिणाऱ्याच्या शैलीला मात्र ते चपखल बसते. ते शब्दाला, शैलीला आणि लेखकालाही लागते. मराठीत 'शब्दबंबाळ' त्याच्या सर्वांत जवळचा.

खरा खजिना 'सेस्क्वि'त आहे. 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे आणि: '(एक) आणि अर्धा'. त्यातला 'एक' उच्चारलाच जात नाही. आपला 'दीड' दुसऱ्या वाटेने आला. तो 'द्वि' आणि 'अर्ध' यांतून, म्हणजे दुसरा ज्यात अर्धाच आहे असा. जर्मन 'आंडरथाल्ब'चीही घडण हीच. इंग्रजीत दीडसाठी सुटसुटीत स्वतंत्र शब्द नसल्याने शास्त्रांनी लॅटिन उपसर्ग उचलला. सहाच्या 'सेक्स' या उपसर्गाशी घोटाळा होतो तो इथेच. 'सेस्क्विसेन्टेनियल' म्हणजे १५० वे वर्ष, ६०० वे नव्हे. 'सेस्क्विऑक्साइड'मध्ये धातूच्या २ अणूंमागे ऑक्सिजनचे ३, म्हणजे दीडपट. ॲल्युमिनियम ऑक्साइड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या 'मोनोटर्पीन'मध्ये कार्बनचे १० अणू, म्हणून 'सेस्क्विटर्पीन'मध्ये १५. एकदा दीड लक्षात राहिला की यांतले काहीच पाठ करावे लागत नाही.

उच्चारात जोर 'डे'वर द्यावा. 'पिडे'चा संबंध पावलाशी आहे. 'पीडिॲट्रिक्स'मधला ग्रीक 'मूल' वेगळा.

आणखी एक विनंती. 'लांब शब्दांची भीती' म्हणून प्रश्नमंजूषांत येणारा 'हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपिडेलिओफोबिया' हा गमतीने लांबवलेला शब्द आहे. पाणघोडा आणि राक्षस यांचे त्याच्या सुरुवातीचे तुकडे अर्थामध्ये कसलीच भर घालत नाहीत. तो अधिकृत वैद्यकीय निदान म्हणून छापू नये.

आपला,
एक वाचक