कंपनी बदलताना ग्राहकालाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यात मी एकतीस वर्षं लाइनमन होतो. नोकरीला लागलो वीज मंडळात, निवृत्त झालो महावितरणमधून. ६ जून २००५ला मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा खांब तेच राहिले, शिडी तीच, साहेबही तेच.

पण उद्या खांब, तारा आणि परवाना दुसऱ्याच मालकाकडे गेला तर? वीज कायदा २००३च्या कलम १७प्रमाणे वीज नियामक आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी खरेदी-विक्री करता येत नाही, केलेला करार रद्दबातल ठरतो. हे चांगलंच आहे. मात्र विकत घेण्याआधी किंवा विलीनीकरणाआधी महिनाभराची नोटीस द्यायची, ती त्या भागातल्या इतर परवानाधारक वीजकंपन्यांना. ग्राहकाचा तिथे उल्लेखच नाही! वीजदर ठरवताना मात्र कलम ६४प्रमाणे लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. दराबद्दल आम्हाला विचारायचं आणि मालक बदलताना नाही, हे मला पटत नाही.

वेळणेश्वर, पालशेतच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने उन्हाळाभर चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. बोट फिरवलं की चिकट लागतं. मिरगाआधी लाइन बंद करून, खांबावर चढून तो फडक्याने पुसायचा. राहून गेला, की पहिल्या भुरभुरीलाच चर्र चर्र आवाज, निळी ठिणगी, आणि अख्खी वाडी अंधारात. हे काम ताळेबंदात दिसत नाही. नव्या मालकाने माणसं कमी केली, तर आधी हेच थांबेल.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३चा, राज्याचा आयोग आला १९९९ला. २००१मध्ये प्रकल्प बंद पडला तो आमच्याच तालुक्यात. करार झाला तेव्हा दाद मागायला आयोग नव्हता, आता आहे.

म्हणून विनंती, की कोकणातली वीजयंत्रणा हस्तांतरित करायचा अर्ज कधीही आला, तर त्याची मराठीतली नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. परवानगी देताना तालुक्यात किती लाइनमन राहतील आणि खांब-तारांचा किती साठा असेल, ते अटींमध्ये आकड्यांत लिहावं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडला खांब आडवे झाले, झाडं पडून रस्तेही बंद. अशा वेळी बाहेरून खांब येणार कसे?

आणि सुनावणी मुंबईत नको, रत्नागिरीत ठेवा. मी पहिल्या एसटीने येतो.

— एक निवृत्त लाइनमन, ता. गुहागर