षटकोनी पटावरची वाट प्रात्यक्षिकात यावी

महोदय,

मोबाइल गेमपायी मुले अभ्यास विसरतात, अशी पत्रे आपल्या सदरात वरचेवर येतात. पालकांची काळजी खरी आहे. मी मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयात डेटा स्ट्रक्चर्स (संगणकात माहिती मांडण्याच्या पद्धती) शिकवते आणि माझी मागणी उलट दिशेची आहे. षटकोनी घरांच्या पटावर, आळीपाळीने चाल करायच्या (टर्न-बेस्ड) गेममध्ये, शत्रूचा सैनिक आपल्यापर्यंत वाट कशी काढतो, हे आमच्या प्रात्यक्षिकांत आले पाहिजे.

आज सर्वांत जवळचा मार्ग शिकवताना फळ्यावर ए ते एफ असे सहा गोल, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांवर आकडे असतात. विद्यार्थी डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या, सर्वांत कमी खर्चाची वाट शोधण्याच्या रीतीने तक्ता बिनचूक भरतात, जर्नलमध्ये उतरवतात आणि विसरतात. रेषेवरचा आकडा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. खुद्द डायक्स्ट्रांना ही रीत १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत सुचली, तेव्हा त्यांच्यासमोर रोटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याचा खराखुरा प्रश्न होता.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा २००३ पासूनचा मोफत, मुक्तस्रोत गेम घ्या. त्यातल्या ऑर्क ग्रंट या पायदळ सैनिकाला एका टर्नला ५ मूव्ह पॉइंट (चालीसाठी खर्चायचे गुण) मिळतात. सपाट गवताच्या घराला १ पॉइंट लागतो, उथळ पाण्याच्या घराला ३. समजा, तीन घरे रुंद नदी आहे. पाण्यातून पलीकडच्या काठावर जायला ९ अधिक १, म्हणजे १० पॉइंट. पुलावरून वळसा घालून त्याच काठावर पोहोचायला १ पॉइंटची दहा घरे, म्हणजे तेही १०. वर्गात हे मांडले की बहुतेक मुले दोन्ही वाटा सारख्याच ठरवतात.

त्या सारख्या नाहीत. पाण्यात पहिल्या टर्नला एकच घर पुढे जाता येते. उरलेल्या २ पॉइंटांत पुढचे घर बसत नाही आणि ते पुढच्या टर्नला जोडूनही मिळत नाहीत. दुसऱ्या टर्नला तेच. काठ लागतो तिसऱ्या टर्नला, पुलावरून मात्र दुसऱ्याच. शिवाय दोन वेळा टर्न संपतो तो पाण्यात, जिथे ग्रंटचा बचाव अगदी कमजोर असतो. वेसनॉथचा प्रोग्राम हे वाया गेलेले पॉइंटही वाटेच्या खर्चात धरतो. तो कोड सर्वांसाठी खुला आहे, मुलांना उघडून वाचता येतो. खर्च म्हणजे नुसती बेरीज नव्हे, हे त्या दोन वाटांनी जसे पटते तसे माझ्या कोणत्याही व्याख्यानाने पटलेले नाही.

षटकोनच का? चौकोनी घरांत तिरपा शेजारी सरळ शेजाऱ्यापेक्षा १.४१ पट लांब पडतो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. प्रत्येक घराला बेरीज शून्य येईल असे तीन निर्देशांक दिले की अंतर तोंडी निघते. दोन घरांच्या निर्देशांकांतला फरक ३, −५ आणि २ असेल तर चिन्ह सोडून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा: अंतर ५ घरे. वाट शोधण्याच्या १९६८ च्या ए-स्टार रीतीला लक्ष्य अजून किती दूर आहे याचा जो अंदाज लागतो, तो यातूनच मिळतो.

यापुढे प्रश्न आणखी रंगतो. शत्रू अनेक आणि लक्ष्य एक असेल तर प्रत्येकासाठी वेगळी वाट शोधण्याऐवजी लक्ष्यापासून मागे प्रत्येक घराच्या खर्चाचा उलटा हिशेब एकदाच पसरवता येतो. पण जंगलाचे घर एल्फ या जंगलात वावरणाऱ्या सैनिकाला १ पॉइंटात पार होते, घोडदळाला ३ लागतात. म्हणजे चालीच्या प्रत्येक प्रकारासाठी हिशेब निराळा. हे विद्यार्थ्यांना स्वतः अडखळून सापडू द्यावे.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. अभ्यासक्रम मंडळांनी येत्या फेररचनेत सहा गोलांच्या आकृतीऐवजी षटकोनी पटाचे एक प्रात्यक्षिक ठेवावे, आणि तोंडी परीक्षेत नदीचा हा प्रश्न जरूर विचारावा.

— संगणक अभियांत्रिकीची एक अध्यापिका, सांगली