शस्त्र परवान्याचे निकष जिल्ह्यागणिक का बदलतात?

मा. संपादक,

कुठे गोळीबार किंवा खून झाला की शस्त्र परवान्यांची चर्चा पेटते आणि चार दिवसांत विझते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली, तेव्हाही तेच झाले. त्या वेळी सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यात बाराशेवर परवाने होते, शेजारच्या परभणीत 32. जिल्ह्याची हद्द ओलांडली की जिवाचा धोका एवढा ओसरतो? पुढे बीडमधले शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. म्हणजे देतानाच कुठेतरी पाणी मुरत होते.

कायदा राज्यभर एकच आहे, 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे नियम. पोलिसांचा अहवाल येतो आणि जिल्हाधिकारी, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, निर्णय देतात. पण ‘जिवाला धोका’ कशाला म्हणायचे, हे साहेब कोण आणि शिफारस कोणाची यावर ठरते, अशी लोकांची समजूत आहे. ती चुकीची आहे हे दाखवणारा कागद शासनाने अजून पुढे ठेवलेला नाही.

शस्त्र बाळगायचे कसे, हेही 2016 च्या नियमांत आहे. सार्वजनिक ठिकाणी ते पूर्ण झाकलेले हवे. लग्नात, मिरवणुकीत परजले किंवा बार काढला तर परवाना रद्द होऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत शस्त्र झाकून न्यावे की उघडे, यावर राज्याराज्यांत निराळे कायदे आहेत. आपल्याकडे तो प्रश्न केव्हाच सुटलाय, फक्त कागदावर. कमरेचे पिस्तूल दिसेल असा शर्ट वर खोचून फिरणारे ‘भाऊ’ कोणत्या तालुक्यात नाहीत?

आता आमच्या कोकणातले बघा. इथे शेतीसंरक्षणाच्या जुन्या बंदुका आहेत, बऱ्याच आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या. निवडणूक लागली की त्या पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात न्यायच्या, दस्त्याला चिठ्ठी बांधायची, पावती घ्यायची. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, भात पिकून कापणीला आलेले असताना. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, आडवा करतो आणि शेतकरी पत्र्याचा डबा बडवत बसतो. बंदूक परत मिळेपर्यंत नळीला गंज चढलेला असतो, तो वेगळाच. खरे तर शस्त्रे सरसकट जमा न करता छाननी समितीने परवानाधारकागणिक निर्णय घ्यावा, अशी व्यवस्था आहे. पण सगळ्यांना एकच नोटीस धाडणे सोपे.

गृह विभागाने ‘धोका’ म्हणजे काय याचे लेखी निकष सर्व जिल्ह्यांसाठी एकच करावेत. कोणत्या जिल्ह्यात किती परवाने दिले, किती नाकारले आणि अपिलात किती फिरले, हे दरवर्षी जाहीर करावे. अपिलाचा आकडा तर आवर्जून द्यावा, कारण पोलिसांनी नको म्हटलेले मंत्रालयात हो होऊ शकते. आणि शेतीसंरक्षणाच्या बंदुकांची छाननी आचारसंहितेची वाट न बघता आधीच उरकावी, म्हणजे ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याला ऐन कापणीत ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही.

– एक शेतकरी वाचक, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग