स्कॉर्सेसीचा सिनेमा नाशिकला संध्याकाळच्या शोला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा नवा सिनेमा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ येत्या २० ऑक्टोबरला (२०२३) अमेरिकेत लागतोय आणि महिनाअखेरपर्यंत आपल्याकडेही येईल असं दिसतंय, पण आपल्या मराठी पेपरांत त्याच्याबद्दल कोण हिरो आहे आणि किती कोटींचा आहे याच्यापलीकडे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मे महिन्यात फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला दाखवला तेव्हापासून मी याची वाट बघतोय. स्कॉर्सेसी येत्या नोव्हेंबरात ८१ वर्षांचा होईल, आणि या वयात माणूस अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या माळावर जाऊन शंभर वर्षांपूर्वीच्या खुनांवर साडेतीन तासांचा सिनेमा करतो, याचंच मला आधी कौतुक वाटतं. लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि रॉबर्ट डी नीरो हे त्याचे दोन हक्काचे नट, दोघं त्याच्या मोठ्या सिनेमात पहिल्यांदाच एकत्र येतायत. तेही आहेच.

पण माझी उत्सुकता नटांसाठी नाही, गोष्टीसाठी आहे. मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी भागात गेली, आणि ज्या डेव्हिड ग्रॅन या अमेरिकन पत्रकाराच्या पुस्तकावर हा सिनेमा बेतलाय ते पुस्तक मुलीने आणून दिलं तेव्हा मला ते गुन्ह्याच्या गोष्टीसारखं वाटलंच नाही, मला ती वारसनोंदीची फाईल वाटली.

गोष्ट खरी आहे. ओसेज नावाचे तिथले आदिवासी, त्यांना कॅन्ससमधून उठवलं, मग १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी आताच्या ओक्लाहोमातली खडकाळ जमीन चेरोकी या दुसऱ्या जमातीकडून पैसे मोजून विकत घेतली, हेतू हाच की असल्या जमिनीसाठी गोरा माणूस परत मागे लागणार नाही. आणि तिच्याच खाली तेल निघालं! १९०६ साली सरकारने जमीन माणशी वाटून दिली, पण ओसेज लोकांचे पुढारी हुशार, त्यांनी अट घातली की वरची जमीन वाटा, खालचं तेल-खनिज मात्र सगळ्या जमातीचं सामायिक राहील. त्याचे २,२२९ हिस्से पडले, एकेका माणसाचा एकेक. त्याला हेडराइट म्हणायचे. तेल कंपन्या जे पैसे भरायच्या ते या हिश्श्यांप्रमाणे वाटले जायचे, आणि नुसत्या १९२३ या एका वर्षात ही रक्कम तीन कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्या काळात माणशी उत्पन्न धरलं तर जगातले सगळ्यात श्रीमंत लोक म्हणून ओसेजांचं नाव घेतलं जायचं.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. हेडराइट विकता येत नव्हता. तो फक्त वारसाने जायचा. म्हणजे तो मिळवायचा तर खरेदीखत करून उपयोग नाही, घरात शिरायला पाहिजे, लग्न करायला पाहिजे, आणि मग मधली माणसं एकेक करून जायला पाहिजेत. वारस ओसेज नसला तरी तेव्हा चालत होतं. त्यावर आणखी भर म्हणजे सरकारने ठरवलं की ओसेज माणसाला आपला पैसा सांभाळायची अक्कल नाही, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर गोरे पालक नेमले, गावातलेच वकील, दुकानदार, आणि स्वतःच्या पैशातून टूथपेस्ट घ्यायची तरी या पालकाची सही लागायची.

मॉली बर्खार्ट नावाच्या ओसेज बाईच्या घरात काय झालं ते नुसतं ओळीने सांगतो. १९१८ साली बहीण मिनी गेली, डॉक्टर म्हणाले अंग झिजवणारा कुठलातरी विचित्र आजार. १९२१ च्या मे महिन्यात दुसरी बहीण अॅना ओढ्याकाठच्या घळीत सापडली, डोक्यात गोळी. दोन महिन्यांत आई लिझी गेली. १९२३ च्या मार्चमध्ये तिसरी बहीण रीटा राहायची ते घरच स्फोटकांनी उडवलं, ती, तिचा नवरा आणि घरकाम करणारी मुलगी, तिघंही गेले. या मरणांमधून बरेचसे हिस्से सरकत सरकत मॉलीच्या नावावर. आणि मॉलीला डायबेटिस, तिला इंजेक्शनं चालू, तरी ती खंगतच चाललेली, पुढे तिला घरातून हलवल्यावर तब्येत सुधारायला लागली. तिचा गोरा नवरा अर्नेस्ट बर्खार्ट. त्याचा मामा विल्यम हेल, गुरांचा मोठा मालक, ‘ओसेज टेकड्यांचा राजा’ म्हणून मिरवणारा, दानधर्म करणारा, ओसेज लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा. याच हेलने हेन्री रोन नावाच्या ओसेज माणसाचा २५ हजार डॉलरचा विमा काढला, पैसे आपल्याला मिळतील अशी व्यवस्था केली, रोन आपल्या गाडीत डोक्याच्या मागे गोळी घातलेला सापडला, आणि त्याच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला हा हेल पुढे. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

म्हणजे जे खुनी आहेत, हा हेल, हा अर्नेस्ट, ते कुठून बाहेरून आलेले दरोडेखोर नाहीत, जेवायला रोज शेजारी बसणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या हाताशी डॉक्टर, वकील, कोर्ट, पालकांचे कागद सगळं आहे. सरकारी आकडा दोन डझन खुनांचा, ग्रॅनने कागद तपासून दाखवलंय की खरा आकडा बराच मोठा असणार.

आपल्याकडे हे परकं नाही, खून नसतील पण रस्ता तोच. आपल्या जमीन महसूल अधिनियमात कलम ३६ आणि ३६ अ आहे, आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही, सातबाऱ्याच्या इतर हक्कात तशी नोंद असते, आणि गेलेल्या जमिनी परत करायचा १९७४ चा कायदाही झाला. हे सगळं कशामुळे करावं लागलं ते जुन्या फेरफारांचं रजिस्टर उघडलं की कळतं. उसनवारीच्या कागदावर अंगठा, त्याच्याखाली ज्याने पैसे दिले त्याच्याच दुकानात बसणारे दोन साक्षीदार, आणि दोन पानांनी पुढे जमीन दुसऱ्याच्या नावावर. आदिवासी नोकराच्या नावाने जमीन घ्यायची आणि कसायची आपण, हेही या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मृत्यूची नोंद आणि वारसाची नोंद या दोन साध्या नोंदींमध्ये किती काय लपवता येतं हे ज्याने तलाठ्याच्या दप्तरात बघितलंय त्याला मॉलीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून मला एका बातमीने फार बरं वाटलं. हा सिनेमा आधी पोलिसांच्या बाजूने लिहिला होता, म्हणजे एडगर हूवरच्या ब्युरोचा, पुढे जिचं एफबीआय झालं तिचा, टॉम व्हाइट नावाचा अधिकारी येतो, तपास करतो, गुन्हेगार पकडतो, आणि डिकॅप्रिओ तो अधिकारी होणार होता. मग स्कॉर्सेसी आणि पटकथाकार एरिक रॉथ यांनी ती पटकथा मोडली आणि अर्नेस्ट-मॉलीच्या संसारावर नव्याने उभी केली, डिकॅप्रिओ आता अर्नेस्ट झालाय, हेल डी नीरो, आणि मॉलीचं काम लिली ग्लॅडस्टोन करतेय, जी स्वतः मूळनिवासी घरातली आहे. स्कॉर्सेसीने मुलाखतीत सांगितलंय की मी सगळा गोऱ्या माणसांचाच सिनेमा करत होतो हे माझ्या लक्षात आलं. आणि ते बरोबरच आहे कारण तपास तरी फुकट झाला होता का? ब्युरोला बोलावलं ओसेज लोकांनी, आणि खर्चही त्यांनीच भरला. आपल्याच माणसांच्या खुनाचा तपास व्हावा म्हणून!

शूटिंगही ओक्लाहोमात, ओसेज लोकांच्याच भागात झालं, आधी त्यांच्या प्रमुखांना भेटून, त्यांच्या माणसांना बरोबर घेऊन, नटांना ओसेज भाषा शिकवून. कपडे कसे, शाल कशी घ्यायची हे त्यांना विचारून. ट्रेलरमध्ये जमिनीतून तेल उसळतंय आणि ओसेज पुरुष त्या काळ्या पावसात नाचतायत असा एक तुकडा आहे, तो मी फोनवर बघितला आणि तेव्हाच ठरवलं की हे मोठ्या पडद्यावरच बघायचं. दुसरा एक तुकडा, डिकॅप्रिओ लहान मुलांच्या पुस्तकासारखं काहीतरी अडखळत वाचतोय, या चित्रात लांडगे कुठे आहेत ते शोधा म्हणून. बस, सगळा सिनेमा त्यातच आला. संगीत रॉबी रॉबर्टसनचं आहे, त्याची आई मोहॉक-कयुगा या मूळनिवासी लोकांतली, तो ऑगस्टमध्येच गेला, त्यामुळे हे त्याचं शेवटचं मोठं काम म्हणायचं.

आता मुद्द्याचं. सिनेमा ३ तास २६ मिनिटांचा आहे. जाहिराती आणि इंटरव्हल धरलं तर चार तास. मला भीती ही आहे की आपल्या नाशिकला असे सिनेमे आले तर सकाळी नऊचा एक शो नाहीतर रात्री साडेदहाचा एक शो, आणि सोमवारपर्यंत तोही उतरवतात, वर सांगतात की प्रेक्षकच नाहीत. सकाळी नऊला नोकरदार माणूस जाणार कसा आणि रात्री अडीचला नाशिकरोडला किंवा सिडकोत परत येणार कसा? स्कॉर्सेसीचा याआधीचा ‘द आयरिशमन’ मला घरी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत बघावा लागला, मधे बेल वाजते, मधे कुकरची शिट्टी, तसल्या सिनेमाचं तसं बघणं म्हणजे वाया घालवणंच. यंदा जुलैत ‘ओपनहायमर’ तीन तासांचा, इंग्लिश, नुसता बोलण्याचा, तरी भारतभर हाऊसफुल झालाच ना! आणि ज्यांचे आजोबा रात्र-रात्र संगीत नाटकाला बसायचे, पहाटे भैरवी ऐकून घरी यायचे, त्यांना साडेतीन तास जास्त होतील असं कोणी ठरवलं? यावेळी वर्ल्ड कपच्या मॅचेस आहेत, पुढे दिवाळीचे मोठे हिंदी सिनेमे आहेत, स्क्रीन अडकणार हे मला समजतं. तरीपण शनिवार-रविवारी एक शो काढता येतोच.

फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, पहिला सिनेमा झाल्यावर मुंबईहून बिऱ्हाड हलवून नाशिकला आले, इथेच स्टुडिओ चालवला आणि १९४४ साली इथेच गेले. पांडवलेणीच्या पायथ्याला आपण त्यांचं स्मारक केलं. त्यांच्या सिनेमांतलं बहुतेक काही आज शिल्लक नाही. याच स्कॉर्सेसीच्या संस्थेने नर्तक उदय शंकर यांचा १९४८ चा सिनेमा ‘कल्पना’ दुरुस्त करून २०१२ साली कानला परत दाखवला, ज्याला आपण जवळपास विसरलो होतो. आपल्या सिनेमाची अशी काळजी घेणाऱ्या माणसाचा सिनेमा फाळक्यांच्या गावात नीट लागावा एवढी अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

संपादक साहेब, तुम्हाला दोन विनंत्या. परीक्षण शुक्रवारी-शनिवारी येईलच, पण त्याच्या आधी ओसेज लोकांबद्दल, हेडराइटबद्दल, त्या पालकांच्या पद्धतीबद्दल अर्धं पान द्या, आणि जमलं तर आदिवासी जमिनींच्या कामात आयुष्य घातलेल्या एखाद्या जिल्ह्यातल्याच कार्यकर्त्याकडून लिहून घ्या, सिनेमावाल्याकडून नको. दुसरं, शहरातल्या थिएटरवाल्यांपर्यंत हे पोचवा की आम्ही जुने सहकारी, सुरगाण्याची काही शिक्षक मंडळी आणि कॉलेजची पोरं मिळून यायला तयार आहोत, ग्रुप बुकिंग करतो, आधी पैसे भरतो. शनिवार-रविवार संध्याकाळी साडेपाच-सहाचा एक शो ठेवा, आणि सबटायटल्स चालू ठेवा, कारण ओसेज भाषेतले संवाद आहेत आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना अमेरिकन इंग्लिश कानाने पकडता येत नाही, वाचून चांगलं कळतं.

आपला,
एक नियमित वाचक
नाशिकरोड