पन्नाशीतल्या 'मुलां'चं काय?

मा. संपादक,
स. न.

२१ सप्टेंबरच्या अल्झायमर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. साठीनंतरच्या विस्मरणाबद्दल त्यात बरंच काही होतं, माझ्या भावासारख्यांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

बापू ५१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बुद्धीची वाढ मंद. आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याचं. तिसरी झाली की "तीन!" असं ओरडून गॅस बंद करायचा. इतक्या वर्षांत कधी डाळ करपली नाही की भात कच्चा राहिला नाही. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून तो कुकरपुढे नुसता उभा राहू लागला. शिट्ट्या होत राहायच्या, तो माझ्याकडे बघत राहायचा. जिन्याच्या वरच्या पायरीशी येऊन थबकायचा. गणपतीत झांजा हातात धरून आरतीभर तसाच उभा.

जवळच्या डॉक्टरांनी "या मुलांचं असंच असतं" म्हणत ताकदीच्या गोळ्या दिल्या. (पन्नाशीच्या माणसाला 'मुलं' म्हणतात, त्याची आता सवय झाली आहे.) पुढे एका मोठ्या रुग्णालयात त्याला आजची तारीख विचारली, पंतप्रधान कोण ते विचारलं, शंभरातून सात वजा करायला सांगितले. अहो, हे त्याला विशीतसुद्धा आलं नसतं! त्यावरून आता काय गेलं ते कसं कळणार?

पुण्याच्या एका डॉक्टर बाईंनी मात्र मला विचारलं, "पाच वर्षांपूर्वी हा एकटा काय काय करायचा?" मी गडबडले. मग आठवलं, आई कालनिर्णयच्या चौकोनांत लिहून ठेवायची. माळ्यावरून गठ्ठा काढला. 'बापूने दळण आणले, पैसे बरोबर.' 'बापूने स्वतः दाढी केली, थोडे कापले.' आईच्या त्या गिचमिड अक्षरावरून बाईंना कळलं की बापूचं काय काय सुटलं आहे.

त्यांनी समजावलं ते असं. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनतं, त्याचं जनुक नेमकं याच गुणसूत्रावर. त्यामुळे ते जन्मापासून जास्त तयार होतं. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत त्याचे थर सापडतात, लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात, आणि आयुष्यभराचा धोका नव्वद टक्क्यांच्या वर आहे. पूर्वी हे कुणाला जाणवत नसे, कारण ही माणसं तेवढी जगतच नव्हती. १९७४ साली बापू झाला तेव्हा "विशी बघायचा नाही" असं आईला सांगितलं होतं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास त्यांचं सरासरी आयुर्मान २५ होतं, आता साठीच्या घरात आहे.

पण बाईंनी लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारला नाही. थायरॉइड, मोतीबिंदू, बहिरेपणा, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, यांनीही माणूस असाच मंदावतो आणि हे सगळं डाउन सिंड्रोममध्ये जास्त आढळतं. बापूचं थायरॉइड बिघडलेलं निघालं. गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तो जिना उतरू लागला. शिट्ट्या परत आल्या नाहीत. त्याचं कारण दुसरं आहे, हे आता आम्ही मान्य केलं आहे.

बापूच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर 'कायमस्वरूपी' लिहिलं आहे, म्हणून त्याला पुन्हा कधी कुणी बोलावलं नाही. माझी मागणी फार खर्चाची नाही. अशा प्रत्येक व्यक्तीला पस्तिशीत एकदा जिल्हा रुग्णालयात बोलवावं. तो काय काय स्वतः करतो ते एका कागदावर लिहावं, थायरॉइड, डोळे, कान तपासावेत, आणि दरवर्षी तोच कागद पुढे ठेवून बघावं. घरच्यांनी तोवर थांबू नये. मोबाइलवर त्याचा कामं करतानाचा व्हिडिओ काढून तारखेसह जपून ठेवावा.

प्रौढ डाउन सिंड्रोम रुग्णांना नियमित तपासणारा बाह्यरुग्ण विभाग सांगली-कोल्हापूर भागात कुठे असेल, तर त्याचा पत्ता आपण जरूर छापावा. आम्हाला दर खेपेला पुणं गाठावं लागतं, आणि बापूला आता एसटीची पायरी चढवत नाही.

– बापूची ताई, सांगली