१६ डिसेंबर छापता, मग १५ डिसेंबर काहून नाही?

संपादक साहेब,
नमस्कार.

पत्र जरा लांब होणार आहे, कापायचं असलं तर मधून कापा पण शेवटचा भाग ठेवजा, कामाचं तिथंच आहे.

आमच्या गावात एक अभ्यासिका आहे, म्हणजे नावालाच अभ्यासिका, जुनी एक खोली आहे, दोन ट्यूबलाईट, एक पंखा आणि लोकांनी दिलेल्या खुर्च्या. भरतीवाले पोट्टे तिथं बसतात, कोणी पोलिस भरतीचा, कोणी अग्निवीरचा, पहाटे अकोट रोडवर पळून येतात आणि मग दिवसभर रट्टा. पेपर आला की पहिले तुमचा दिनविशेषचा कॉलम कैचीनं कापून एका मोठ्या रजिस्टरात चिकटवतात, कारण जीकेला तारखा येतात. कामाची गोष्ट आहे, मला काही तक्रार नाही. पण परवा पाऊस लागून होता, शेतात जाता येत नव्हतं, म्हणून ते रजिस्टर पहिल्या पानापासून चाळत बसलो आणि हे पत्र लिहावंसं वाटलं.

सैन्याच्या म्हणून जेवढ्या तारखा त्यात आहेत त्या सगळ्या आहेत जिंकल्याच्या नाहीतर कशाच्या तरी स्थापनेच्या. १५ जानेवारी आर्मी डे, १९४९ साली करिअप्पांनी इंग्रज जनरल बुचरकडून सूत्रं घेतली तो दिवस. ८ ऑक्टोबर एअरफोर्स डे, १९३२ चा. २६ जुलै कारगिल. ४ डिसेंबर नेव्ही डे, १९७१ ला आपल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी कराचीवर जाऊन धडकल्या तो. १६ डिसेंबर विजय दिवस, ढाक्याला पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीची सही केली. सगळं बरोबर आहे, फोटोसकट आहे, २६ जुलैला तर आमच्या चौकात बॅनर लागते, डीजे पण वाजतो, त्या बॅनरवर एका वर्षी कोण्या भलत्याच देशाचं विमान छापलं होतं पण ते जाऊ द्या.

आता त्याच १९७१ च्या लढाईचं पाहा. ४ डिसेंबर तुम्ही छापता. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी बुडवली. १८ ऑफिसर आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच खाली गेले, उतरले नाहीत. ही तारीख रजिस्टरात नाही. पोट्ट्यांना विचारलं खुकरी काय, तर म्हणे गुरख्याचा चाकू. त्यांचा काय दोष, छापूनच येत नाही तर चिकटवतील कुठून.

१९६२ चं पण तसंच. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला सुरू झाला, हे एखाद्या वर्षी एका ओळीत येतं, नाही तर नाही. १८ नोव्हेंबर, लडाखमधल्या रेझांग ला खिंडीची लढाई, तर आलीच नाही कधी. १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग, १२० च्या आसपास माणसं आणि त्यातले ११४ जागेवर गेले, पुढच्या वर्षी बर्फ कमी झाल्यावर त्यांची शरीरं सापडली तर कोणाकोणाच्या हातात हत्यार तसंच होतं. लढाई आपण हरलो म्हणून ही तारीख बाद?

हे झालं देशाचं. माझा खरा मुद्दा पुढं आहे आणि तो आपल्या मातीतला आहे.

अकोट-हिवरखेड रोडवर अडगाव आहे, पहिले तिथून खंडव्याची मीटरगेज गाडी जायची, बहुतेकांना त्यासाठीच माहीत. तिथल्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. समोर कोण होता, तर आर्थर वेलस्ली, तोच जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली ज्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. वॉटर्लू आमच्या पोट्ट्यांना पाठ आहे, १८ जून म्हणून तारखेसकट सांगतात, आणि ज्या रोडवर ते रोज पळतात त्याच रोडनं गेलं की तोच माणूस आपल्याशी लढला होता हे एकालाही माहीत नव्हतं. आता याला काय म्हणावं बावा.

आणि ती लढाई काही सरळसोट नव्हती झाली. इंग्रजांची फौज दिवसभर चालून थकलेली होती, दुपार ढळल्यावर त्यांना मराठ्यांची मैलोनमैल पसरलेली रांग दिसली. आपल्या तोफा सुरू झाल्या तर त्यांच्या तीन पलटणी मागं फिरून पळाल्या, आणि हे तेच शिपाई जे दोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, जालन्याकडच्या असईच्या लढाईत पाय रोवून उभे होते. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना परत उभं केलं. ते जर त्या दिवशी परत फिरले नसते तर वऱ्हाडचा इतिहास काय झाला असता कोणास ठाऊक. पण फिरले, संध्याकाळपर्यंत आपली फळी फुटली, ३८ तोफा त्यांच्या हाती गेल्या आणि मग चांदण्यात घोडेस्वारांनी पाठलाग केला.

हरलो काहून, हे तर त्याहून महत्त्वाचं. शिंद्यांच्या वकिलानं सहाच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, इंग्रजांशी तात्पुरता तह करून लढाई थांबवली होती, म्हणजे भोसल्यांना बाजूला ठेवून, पण त्याच्या अटी पाळल्या नाहीत आणि शिंद्यांचं घोडदळ अडगावला येऊन उभं राहिलं, म्हणजे ना धड तह ना धड लढाई. होळकर त्या वर्षी लढाईत उतरलेच नाहीत, उतरले ते पुढच्या वर्षी, १८०४ ला, तोपर्यंत शिंदे-भोसले दोघंही सह्या करून मोकळे झाले होते. शिंद्यांचे युरोपियन ऑफिसर लढाई सुरू होताच नोकरी सोडून गेले ते वेगळंच. म्हणजे तोफ कमी पडली नाही, माणूसही कमी पडला नाही, कमी पडली ती एकी. हे ज्या पोट्ट्याला सैन्यात जायचं आहे त्याला माहीत नको?

तिथून इंग्रजांची फौज गेली गाविलगडावर. चिखलदऱ्याला थंडीत अमरावती-अकोल्याची पब्लिक लोटते, गडावर जाते, दिल्ली दरवाज्यावर कोरलेल्या गंडभेरुंडाखाली, म्हणजे दोन डोक्यांच्या पक्ष्याखाली, फोटो काढते, रील बनवते, मका खाते, येते. ज्यांनी गड पाहिला त्यांनी आठवून पाहा, दक्षिणेकडून खाली पाहिलं तर डोळे फिरतात, तिकडून कोणी वर येऊच शकत नाही. उत्तरेकडची बाजू मात्र पठाराला लागून आहे, गडाचा कच्चा भाग तोच, म्हणून तिकडं तट दुहेरी. इंग्रजांनी तेच हेरलं. वेलस्लीच्या सोबतच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं मेळघाटाच्या डोंगरातून रस्ता कापत तोफा ओढत नेल्या, आता तिथं गाडीनं जाताना पण वळणावर पोटात गोळा येतो, तिथून यांनी बैलं आणि माणसं लावून तोफा नेल्या, आणि उत्तरेकडच्या लवादा गावाच्या बाजूनं मारा केला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, पण आतला तट शाबूत होता, तिथं शिड्या लावून एक तुकडी चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. तारीख १५ डिसेंबर १८०३. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला, आणि गडावरच्या राजपूत बायांनी जोहार केला असं सांगतात.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक-बालासोर इंग्रजांना गेलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख म्हणजे आपलं वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले. वर्धा नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, सोयरीक करताना अजून पण म्हातारे कोतारे फरक करतात, बोली वेगळी म्हणतात, रीतभात वेगळी म्हणतात, त्या फरकावर या तहानं शंभर वर्षं पाणी घातलं. १८५३ ला वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडं गेला, १९०२ ला कायमचा पट्टा झाला, १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं, तेव्हा कुठं दोन्ही बाजू एका कारभाराखाली आल्या. एवढं ज्या तारखेनं केलं ती १७ डिसेंबर तुमच्या कॉलमात कोणत्या तरी हिरोईनच्या वाढदिवसाला जाते.

आणि आता १६ डिसेंबर, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहून राहिलो. ढाका १९७१ चा, मान्य, मोठाच दिवस. पण १६ डिसेंबर १८१७ ला नागपुरात काय झालं? आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रज जनरल डोव्हटनशी लढाई झाली आणि नागपूरचं राज्य त्या दिवशी खऱ्या अर्थानं गेलं. आप्पासाहेब स्वतः त्या सकाळी इंग्रजांच्या छावणीत जाऊन बसले होते, तोफा ताब्यात द्यायचं ठरलं होतं, आणि तोफा घ्यायला फौज पुढं गेली तर आपल्या लोकांनी तोफा न देता डागल्या. राजा तिकडं बसलेला आणि शिपाई इकडं लढून राहिले. त्याच्या आधी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई झाली होती, लहान टेकडी आपल्या बाजूच्या अरबांनी घेतली पण होती, मग तिथं दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि टेकडी परत गेली. आज बर्डीवर लोक जीन्स आणि चपला घ्यायला जातात, वर किल्ला आहे, सैन्याच्या ताब्यात आहे, वर्षातून दोन-चार ठरलेल्या दिवशी उघडतो, त्या दिवशी रांग लागते. रांगेतल्या किती लोकांना २६ नोव्हेंबर माहीत असेल?

आप्पासाहेब पुढं कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना साथ दिली, शेवटी १८४० ला जोधपूरला वारले. याच्यावर तर अख्खी पुरवणी निघेल.

हे मी चहाच्या टपरीवर बोललो तर एक जण म्हणे, हरलेलं काय मिरवायचं मास्तर, पोट्ट्यांचा जोश कमी होते. मी म्हटलं दर संक्रांतीला पानिपतावर लेख येतात का नाही, १४ जानेवारी १७६१? तो काय आपण जिंकलो होतो? अन् तेव्हा नाही जोश कमी होत कोणाचा. शिवाय त्याच १८१७-१८ च्या लढाईच्या सिलसिल्यातली १ जानेवारी १८१८, भीमा कोरेगावची, लाखो लोक दरवर्षी जातात, आमच्या गावातून पण गाड्या भरून जातात. ती तारीख काही सरकारनं किंवा पेपरानं जपली नाही, लोकांनी जपली म्हणून राहिली. सीताबर्डी त्याच्या महिनाभर आधीची, तिला कोणी वाली नाही एवढाच फरक.

आणि फक्त दोनशे वर्षांपूर्वीचंच कशाला. ३०-३१ मे २०१६ ची रात्र वर्धेकडच्या लोकांना विचारा, पुलगावच्या दारूगोळा डेपोला आग लागली तेव्हा आसपासची गावंच्या गावं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पळाली. पळून आत गेले ते ऑफिसर, जवान आणि डेपोचे फायर ब्रिगेडवाले, आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत. युद्ध नव्हतं म्हणून ती तारीख सैन्याची नाही का? १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामात बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान होते, आणि १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलिस जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. १ मे ला तुमच्याकडं महाराष्ट्र दिनाच्या पानभर जाहिराती असतात, त्यात कोपऱ्यात पण जागा नाही.

मी काय मागून राहिलो ते सरळ सांगतो. विजय दिवस कमी करा असं मी म्हणत नाही, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाबद्दल तर उलट जास्त लिहा, १९४९ पासून तो दिवस माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी पैसा गोळा करायला आहे, आणि शाळेत पोरांच्या हातात छोटे झेंडे-स्टिकर देताना ते कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही. फक्त २६ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर हे जे तीन आठवडे आहेत, त्यात आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या पाच तारखा येतात, २६ नोव्हेंबर सीताबर्डी, २९ नोव्हेंबर अडगाव, १५ डिसेंबर गाविलगड, १६ डिसेंबर नागपूर आणि १७ डिसेंबर देवगावचा तह, या पाच दिवशी चार-चार ओळी छापा. आणि १८ नोव्हेंबर रेझांग ला आणि ९ डिसेंबर खुकरी या दोन देशाच्या. सोयाबीन-कापसाच्या भावाच्या खाली छापलं तरी चालेल, ते पान तर इकडं सगळे वाचतात.

मजकूर लिहायला माणूस नसेल तर मी टाइप करून पाठवतो, पैसे नको, नाव पण नको.

आणि जाता जाता, दर १६ डिसेंबरला तुम्ही "९३ हजार सैनिक शरण आले" असं छापता, त्या ९३ हजारात निमलष्करी दलाचे, पोलिस आणि सिव्हिलियन लोक पण होते. पोट्टे तेच वाक्य जसंच्या तसं पाठ करतात, यंदा तेवढं दुरुस्त करून टाका.

आपला,
एक जुना वाचक
ता. अकोट, जि. अकोला