घर गहाण टाकून गाणी वाटणारा

महोदय,

२८ जुलै जवळ आला की किथ ग्रीन आठवतो. १९८२ साली याच दिवशी टेक्सासमध्ये एक छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. हा अमेरिकन ख्रिस्ती गायक अवघ्या २८व्या वर्षी गेला, सोबत त्याची दोन चिमुकली मुलंही. विमानातले बाराही जण दगावले. क्षमतेपेक्षा जास्त भार घेऊन ते उडालं होतं, हे वाचलं की आजही जीव हळहळतो.

अकराव्या वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीशी करार झालेला हा मुलगा पैसा सहज कमावू शकला असता. पण १९८०चा अल्बम त्याने किंमत न ठेवताच दिला. ज्याला जमेल तेवढं त्याने द्यावं, जवळ काही नसेल तर तसाच न्यावा. त्यासाठी किथ आणि पत्नी मेलडी यांनी घर गहाण टाकलं. ख्रिस्ताच्या शुभवार्तेला किंमत लावायची नाही, हे बोलणारे पुष्कळ. गहाणखतावर सही करणारे किती?

मेलडीने लिहिलेलं ‘देअर इज अ रिडीमर’ (तारणारा आहे) हे भक्तिगीत किथच्या आवाजात जगभर पोचलं. आमच्या चर्चच्या तरुण संघाकडे त्या गीताची झेरॉक्स आहे, घड्यांवर विरलेली, साथीचे कॉर्ड (स्वरसमूह) पेन्सिलीने लिहिलेली. प्रभुभोजनाच्या रविवारी ती पेटीवर उघडली जाते. वाजवणारी मुलगी यंदा बारावीला आहे. तिच्या जन्माआधी कितीतरी वर्षं तो गेला, तरी पियानोवर त्याचे हात कसे आपटायचे ते ती मला करून दाखवते.

– एक वाचक, पुणे